दोन लाख ८७ हजार किलोमीटर झालेली इनोव्हा, साडेसहा लाखांत: एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कराडजवळच्या एका गावातलं सात माणसांचं कुटुंब. आई-वडील, थोरला मुलगा-सून, त्यांची दोन मुलं आणि धाकटा मुलगा. थोरला शिक्षक, धाकटा शेती आणि रोपवाटिका बघतो. दारात एक जुनी छोटी हॅचबॅक होती. आईच्या दोन्ही गुडघ्यांमुळे महिन्यातून एकदा पुणे ठरलेलं, आणि तिला खाली वाकून बसायच्या गाडीतून उतरवणं हाच एक सोहळा व्हायचा. वर्षाला तीन-चार वेळा कुंभार्ली घाट उतरून गुहागरकडे नातेवाईक. सगळं धरून वर्षाकाठी १८ ते २० हजार किलोमीटर.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हातात होते साडेसहा लाख. चार लाख साठवलेले आणि अडीच लाख पतसंस्थेचे. बँकेकडे विचारणा झाली होती, पण बहुतेक बँका गाडीचं वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीज बघतात. दहा-अकरा वर्षांच्या गाडीला ती बेरीज परवडत नाही. पतसंस्थेचा व्याजदर जास्त होता, तो त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतला.

अडचण

वरवर प्रश्न साधा होता: सात माणसं, घाट आणि साडेसहा लाख. खरी गोम अशी की या पैशात मोठी गाडी मिळते ती खूप पळालेलीच मिळते. म्हणून शोध "कमी चाललेली" गाडी असा नव्हता. "कशी चालली ते कळेल" अशी गाडी शोधायची होती. हे दोघा भावांच्या उशिरा लक्षात आलं. पहिले दोन आठवडे ते दीड लाखाच्या आतला मीटर शोधत फिरले आणि त्याच दोन आठवड्यांत फसता फसता वाचले.

कोणती गाडी

अर्टिगा पहिल्यांदा मनात आली. २०१८ ची पेट्रोल गाडी बजेटच्या काठावर बसत होती आणि इंजिनाची धास्ती कमी होती. पण तिसरी रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही आणि आईला चढता-उतरताना बैठक खालीच वाटली. झायलो, टवेरा स्वस्त होत्या. टवेराचे सुटे भाग मिळवायला दिवस जातात असं गावातल्याच दोघांनी सांगितलं. एक्सयूव्ही ५०० दिसायला भारी, पण तिसऱ्या रांगेत मोठं माणूस घाट चढेपर्यंत वैतागतं.

शेवटी जुनी इनोव्हा, म्हणजे २०१६ ला क्रिस्टा यायच्या आधीची. २,४९४ सीसीचं डिझेल इंजिन, १०२ पीएसची ताकद, पाच गिअर, मागच्या चाकांना जोर आणि शिडीसारख्या चासीवर बांधलेली बॉडी. ताकद कमी वाटते, पण हे इंजिन तीन-चार लाख किलोमीटर सहज काढतं. एकच अट: तेल वेळेवर बदललेलं हवं. शिवाय प्रत्येक तालुक्याच्या गावात ही गाडी उघडून बसवणारा मिस्त्री आहे. शोरूमपेक्षा या गोष्टीचं वजन जास्त पडलं.

चार गाड्या

पहिली पुण्याची, २०१४ ची जीएक्स प्रकारची, मीटरवर १ लाख ३८ हजार, मागणी ७ लाख १० हजार. आतून चकचकीत, सीटकव्हर नवीकोरी. पण ब्रेक पेडलचं रबर एका कडेला झिजून आतला पत्रा दिसत होता, आणि टपावर कॅरिअरच्या जागी बुजवलेली चार भोकं. थोरल्याने आरसीवरचा चासी नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जॉबकार्डांची यादी मागितली. शेवटची नोंद २०१९ ची, २ लाख ६१ हजारांवर. मीटर मागे केलेला आणि गाडी मुळात टूरिस्ट परमिटची, नंतर खाजगी करून घेतलेली. टूरिस्ट गाडी वाईटच असते असं नाही, पण मीटर फिरवणाऱ्याने आणखी काय फिरवलंय ते कळायला मार्ग नसतो.

दुसरी चिपळूणकडची, २०१२ ची, १ लाख ६५ हजार, मागणी ४ लाख ९० हजार. भाव ऐकूनच सावध व्हायला हवं होतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पुराखाली होतं. त्या भागातली गाडी घेताना पहिली तपासणी इंजिनाची करायची नाही, सीटबेल्टची करायची. पट्टा पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ होती. पट्टा रोज तिथपर्यंत येत नाही, म्हणून धुणाराही ती जागा विसरतो. ड्रायव्हर सीटच्या रुळांवर गंज आणि फ्यूजबॉक्सच्या झाकणात आतून वाळलेला गाळ. पुरातल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, वायरिंग मात्र दोन-तीन वर्षं एकेक करून दगा देत राहतं.

तिसरी दिल्लीची, फोनवरून. २०१३ ची, १ लाख २० हजार, ३ लाख ७५ हजारांत. तेव्हा दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी होती, म्हणून तिकडून एनओसीवर (ना-हरकत प्रमाणपत्रावर) अशा गाड्या बाहेरच्या राज्यांत उतरत होत्या. भाव खोटा नव्हता. पण महाराष्ट्रात पासिंग करताना इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो, तिकडचा परतावा मागण्याचा व्याप वेगळा, एनओसी येईपर्यंत वाट बघायची, गाडी आणायचा खर्च आपला, आणि हे सगळं न बघता घेतलेल्या गाडीसाठी. धाकट्याचं मन बसलं होतं. थोरला नाही म्हणाला. इथे थोरला बरोबर होता, पण अर्धाच. गाडी बघायला कुणी विश्वासाचा माणूस तिथे असता तर हा पर्याय इतक्या लवकर मोडीत काढण्यासारखा नव्हता.

चौथी सातारा जिल्ह्यातलीच, २०१२ ची जीएक्स, आठ सीटची. दुसरा मालक, रस्त्याची कामं घेणारा कंत्राटदार. मीटरवर २ लाख ८७ हजार ४०० आणि मागणी ५ लाख ६० हजार. आकडा ऐकून वडील म्हणाले, "ही तर पळून पळून दमली असेल." पण डिक्कीत एक फाइल होती. २ लाख ६० हजारांपर्यंतची बिलं, बहुतेक एकाच वर्कशॉपची, दर दहा हजारांच्या आसपास तेल बदललेलं. एकच ड्रायव्हर, रोज साइटवर जाऊन-येऊन, बहुतेक हायवे. अकरा वर्षांत वर्षाला २६ हजार म्हणजे या जातीच्या गाडीला काहीच जास्त नाही. शेवटच्या २७ हजारांची बिलं मात्र नव्हती. ही फट लक्षात ठेवून पुढची तपासणी झाली.

तपासणी

फिटरला १,५०० रुपये देऊन बरोबर नेलं. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगितलं होतं, "सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." सकाळी सात वाजता बॉनेटला हात लावला तर कोमट. फिटर तिथूनच परत फिरला आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला कुणाला न सांगता सगळे पुन्हा हजर. हा हट्ट बिनकामाचा नाही. कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरना दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनाचे बहुतेक आजार थंड इंजिनावरच दिसतात, एकदा गरम झालं की तेच इंजिन गुणी बाळ होतं.

थंड इंजिन तिसऱ्या आवर्तनात सुरू झालं. थोडा पांढरा धूर, अर्ध्या मिनिटात गायब. निळा धूर नाही, म्हणजे तेल जळत नाही. एकदम रेस दिल्यावर काळा धूर आला, पण टिकला नाही. मग तेल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं. रिंगा आणि सिलिंडर झिजले असतील तर ज्वलनाचा वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो आणि झाकण तिथे उड्या मारतं. इथे ते नुसतं थरथरत राहिलं. तीन लाखांच्या घरातल्या इंजिनाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

खरा शोध लागला तो इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, परतीच्या डिझेलचा. फिटरने चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या सोडून प्रत्येकीखाली खुणा केलेली एकेक प्लॅस्टिकची बाटली लटकवली आणि इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवलं. तीन बाटल्या जवळपास सारख्या भरल्या, तिसऱ्या इंजेक्टरची त्यांच्या दुपटीच्या वर. आतून गळणारा इंजेक्टर रेलमध्ये दाब टिकू देत नाही. आज सकाळी स्टार्ट थोडी लांबली, उद्या हिवाळ्यात गाडी सुरूच होणार नाही. थोरल्याने चारही बाटल्यांचा एकत्र फोटो काढला. पुढे सौद्यात तो कामाला आला.

खाली उतरून बघितलं. चासीवर वरवरचा तांबूस गंज, हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर आवाज घट्ट. कोकणातली गाडी असती तर हीच जागा पहिली खात्री करायची. पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटलेले, एक बॉलजॉइंट ढिला. डिफरन्शियलला ओल होती, थेंब नव्हता. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे १८१७, म्हणजे २०१७ चा अठरावा आठवडा. नक्षी चांगली होती, पण रबर सहा वर्षांचं.

मग १२ किलोमीटर हायवेवर चालवली, सपाटीवर, सकाळच्या गारव्यात, एसी बंद. सगळ्यांना ती पुरेशी वाटली. ती पुरेशी नव्हती.

सौदा आणि कागद

फिटरने कागदावर मांडणी केली: इंजेक्टर, पुढचं सस्पेन्शन, चार टायर, टायमिंग बेल्ट. अंदाज ७० हजारांच्या पुढे. बेल्ट बदलल्याचं शेवटचं बिल १ लाख ४२ हजारांचं होतं. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट मिस्त्री लोक लाख ते दीड लाखात बदलतात, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. मालकाचं म्हणणं, "गाडी अशीच चालतीय की." बाटल्यांचा फोटो आणि स्वतःच्याच फाइलमधलं बिल समोर ठेवल्यावर तो ५ लाख ५ हजारांवर आला.

आधी २५ हजार इसार, चिठ्ठीवर. उरलेले पैसे बँकेतून, तेही ट्रान्सफरच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या झाल्यावर. परिवहनच्या संकेतस्थळावर ई-चलन तपासली, दोन निघाली, ती मालकाने भरली. आरसीवर कर्जाचा बोजा नव्हता. असता तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. ताबा चिठ्ठीत तारखेबरोबर वेळही लिहिली. त्या मिनिटानंतरचं चलन कुणाचं यावर पुढे वाद होत नाही. मालकाने त्याचा फास्टॅग बंद केला. हे राहिलं की टोल तुमचा आणि पैसे त्याचे, मग महिनाभर फोन.

विम्यावर घरात मतभेद झाला. १,५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता (समोरच्याच्या नुकसानीपुरता) तेव्हा ७,८९७ रुपये होता, वर जीएसटी. फक्त तेवढाच घेतला तर दहा-अकरा हजार वाचत होते. झीरो डेप (घसारा न कापणारा विमा) या वयाला बहुतेक कंपन्या देत नाहीत आणि दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवरही ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे छोट्या ठोकरीत क्लेम करून हाती फारसं लागत नाही. तरी पाच लाखांची गाडी चोरीला गेली तर काय, या एका प्रश्नावर त्यांनी पूर्ण विमा घेतला, २०,८०० ला. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो.

पहिल्या पंधरा दिवसांतलं काम

गाडी घरी आली तशी गॅरेजला गेली. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पुढचे पट्टे ९,८००. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक यांची सगळी तेलं, कूलंट आणि सगळे फिल्टर १४,२००. लोअर आर्म बुश, बॉलजॉइंट, लिंक, पुढचे शॉकअप आणि अलाइनमेंट २४,६००. २०५/६५ आर १५ मापाचे चार टायर २५,६००.

इंजेक्टरचं काम २१,५०० ला गेलं. अंदाजापेक्षा जास्त, आणि तरीही हा या प्रकरणातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च. एकाच इंजेक्टरचं नोझल (फवारणारं टोक) दुरुस्त करायचं ठरलं होतं. टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) उघडल्यावर दुसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखी काळी राप बसलेली दिसली. इंजेक्टरखाली तांब्याची वायसर असते, ती दबली की ज्वलनाचा वायू तिच्या कडेने वर येतो. तो तेलात काजळी मिसळतो, काजळी खाली चेंबरमध्ये जाऊन तेल ओढणाऱ्या जाळीवर बसते, आणि एके दिवशी तेल पोचत नाही. या घराण्यातल्या इंजिनांचा हा ओळखीचा दोष आहे. झाकणाच्या चाचणीत तो दिसला नव्हता, गळती अजून बारीक होती.

फिटरने विचारलं, एकच वायसर बदलू की चारही? आणि चेंबर खाली घेऊ का? चेंबर उतरवायची मजुरी वेगळी. थोरला हो म्हणाला. जाळी एक तृतीयांश बुजलेली निघाली. फाइलमध्ये बिलं नसलेल्या त्या २७ हजार किलोमीटरांत तेल किती वेळा बदललं होतं, याचं उत्तर त्या जाळीत होतं. चारही वायसर नव्या घातल्या, कारण एकदा दबलेली वायसर पुन्हा वापरायची नसते. नवा इंजेक्टर घातला असता तर त्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरावा लागला असता. तसं न करता गाडी बाहेर पडली की आयडल खडखडतं आणि दोष नव्या इंजेक्टरला दिला जातो.

घाटात

मे २०२४. सात माणसं, टपापर्यंत सामान, एसी चालू, कुंभार्ली घाट चढताना पुढे उसाच्या यंत्राचा ट्रेलर. वीस मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तापमानाचा काटा मध्य सोडून वर सरकला आणि पाऊण भागावर आला. धाकट्याने एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, सपाट जागा बघून थांबला, बॉनेट उघडून इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. काटा उतरला. तो लाल पट्टीत गेला असता तर इंजिन लगेच बंद करणं हेच बरोबर ठरलं असतं, आणि तोपर्यंत हेड गॅस्केटचं काही सांगता आलं नसतं.

घाटाखालच्या गॅरेजने थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला, २,४००. पुढच्या खेपेला चढावर काटा पुन्हा वर. कराडच्या फिटरने एकच प्रश्न विचारला, "हायवेला शंभरच्या वेगात वाढतो का?" नाही. मग थर्मोस्टॅट नव्हेच. तो अडकला असता तर हायवेलाही काटा चढला असता. वेगात वारा रेडिएटर थंड करतो, कमी वेगात ते काम पंख्याचं, आणि या गाडीत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. मध्ये सिलिकॉन तेलाने भरलेला कपलिंग असतो. गरम झाल्यावर त्याने पंख्याला घट्ट धरायचं. गरम इंजिन बंद करून फिटरने पंख्याचं पातं बोटाने ढकललं, ते चार-पाच फेऱ्या मोकळं फिरलं. धरून ठेवायला हवं होतं. कपलिंगच्या मध्यावर तेलकट धूळ बसलेली, म्हणजे आतलं तेल झिरपून गेलेलं. कपलिंग ८,७०० आणि रेडिएटर बाहेर काढून साफ करायला ३,५००.

हिशेब

गाडी ५,०५,०००. एजंटसह ट्रान्सफर ४,५००, विमा २०,८००. पहिलं काम ९५,७००. घाटातलं प्रकरण १४,६००. एकूण ६,४०,६००. साडेसहा लाखांतून ९,४०० उरले. पहिली पुण्याची गाडी घेतली असती तर बजेट दारातच ओलांडलं असतं, आणि बेल्ट, टायर, तेलं तिलाही लागलीच असती.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक टेस्ट ड्राइव्हची. घाटात वापरायची गाडी सपाटीवर तपासली. एसी चालू ठेवून, चार माणसं बसवून अर्धा-पाऊण तास चढ चढवला असता तर कपलिंग त्याच दिवशी उघडं पडलं असतं आणि त्याचे पैसे किमतीतून कापता आले असते. नुसता पंख्याला बोट लावून बघायलाही अर्धं मिनिट लागलं असतं. मागच्या एसीचंही तसंच: ऑक्टोबरच्या सकाळी कुणी तो लावून बघितला नाही, एप्रिलमध्ये तिसऱ्या रांगेतली मुलं रडायला लागली. मागच्या कॉइलची बारीक गळती अजून तशीच आहे, दर उन्हाळ्यात गॅस भरून चालवतात.

फाइलमधल्या फटीचा मुद्दा सौद्यात वापरायचा राहिला. बाटल्यांच्या फोटोपेक्षा तो जास्त जड होता. चेंबर उतरवून जाळी बघेपर्यंत ती फट किती महाग पडणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे विकणाऱ्याने तेवढी जोखीम किमतीत सोसायला हवी होती.

टायर एकदम चार घ्यायची घाई नव्हती असं धाकट्याचं मत आहे. सहा वर्षांच्या रबरावर पावसाळी घाट उतरायचा असेल तर त्याचं मत बाजूला ठेवलेलं बरं.

एप्रिल २०२५ ला मीटरवर ३ लाख १८ हजार ९००. हायवेला लिटरला १२ च्या आसपास, घाटात १० च्या खाली. दोन तेलबदलांच्या मध्ये अर्ध्या लिटरपेक्षा कमी तेल वर घालावं लागतं, फिटर त्याला हरकत घेत नाही. २०२७ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपतील. तेव्हा फिटनेस, नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर. वडील म्हणतात त्याआधी विकून टाका. थोरल्याने अजून काही ठरवलेलं नाही, फक्त फाइलमध्ये प्रत्येक बिल लावून ठेवतो.